उजवी पाकळी

एका राज्यात एक राजा राज्य करीत होता. राज्याचे नाव विचारू नका. तिथल्या माणसांनाही ते कौल लावल्याशिवाय आपणहून सांगता येत नसे. राजाचे नाव धवलसेन. पण ही कथा राजाची नव्हे. ही कथा त्याच्या नगरातल्या देवळात पूजा करणाऱ्या लखमा गुरविणीची आहे, आणि कथा सुरू होते तेव्हा लखमा फार म्हणजे फार दमलेली आहे.

कौल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर ऐका. देवाच्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर, छातीच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक, अशा दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या. मग गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. शहाणी माणसे वर्षातून एकदोनदा कौल लावतात, पेरणीला, सोयरिकीला, आणि बाकीचे दिवस आपापल्या अकलेने ढकलतात. या राज्यात मात्र प्रत्येक गोष्टीला कौल लागे. शिंक आपोआप येई, पण नंतर नाक पुसावे की नाही, हे देवाला विचारावे लागे.

कारण या राज्याला शाप होता. इथे कोणीही आपल्या मनाने काही करणार नाही, असा तो शाप. बारा वर्षे झाली होती. कौलाने सांगितले तर माणसे चालत, जेवत, नांगर धरीत. विचारले तर उत्तर देत. कौल नसेल तर जिथे असतील तिथे बसून राहत, डोळे उघडे, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर ना दुःख ना सुख.

उजाडले की कौल मागायला शापच त्यांना ओढून आणी आणि देवळाच्या आवारात रांग लागे. पहिला मान राजाचा. तो विचारी, "आज पागोटे घालावे का?" डावी पडली तर बिचारा दिवसभर उघड्या डोक्याने सिंहासनावर बसे. मग प्रधान, मग सावकार, मग कुणबी, मग ज्याची पाठ तीन दिवस खाजते आहे तो कोष्टी. आणि रांगेत कुठेतरी मधे राहीआजी असे. राहीआजी खालच्या वाडीची. तिचे दोन मुलगे आणि एक सून बारा वर्षांपूर्वी पुरात वाहून गेली होती. ती रोज एकच विचारी, "आज रडू का?" लखमा पाकळ्या लावी. उजवी पडली तर आजी पायरीवर बसून रडे. डावी पडली तर कोरड्या डोळ्यांनी घरी जाई. हा कौल लावताना लखमाला मूर्तीकडे बघवत नसे.

लखमा एकटीच या शापाबाहेर होती. गुरवाने स्वतःसाठी कौल लावायचा नाही, अशी तिथली जुनी रीत. शाप कौलाच्या वाटेने चाले, आणि ती वाटच लखमाला बंद, म्हणून ती सुटली. सुटली हे आपले बोलण्यापुरते. साऱ्या राज्याचे जेवण, झोपणे, उठणे तिच्या दोन बोटांवर आले होते. तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. नवरा शाप पडायच्या दोन महिने आधीच गेला होता, म्हणून गाभारा तिच्याकडे आला, आणि तो कोणावर सोपवावा असे दुसरे माणूसच राज्यात उरले नव्हते.

तिला एक मुलगी होती, ठकू. पुराच्या दिवशी संध्याकाळी जन्मलेली. बारा वर्षांची झाली, पण तिने एकदाही हट्ट केला नव्हता. चिंच चोरली नव्हती. वेणी घालताना आई केस ओढते म्हणून ओरडली नव्हती. सकाळी लखमा तिच्यासाठी पाकळ्या लावी, ठकूने जेवावे का म्हणून. डावी पडली तर पुन्हा लावी, होकार येईपर्यंत लावी. देव त्यावर काही बोलला नाही. मग ठकू जेवे, वाढले तेवढे, मीठ असो वा नसो.

त्या वर्षी लखमाचा अंगठा थरथरू लागला. पाकळी धरता धरता निसटे. तेव्हा तिच्या मनात आले, की आपण गेलो तर हे सारे लोक भरल्या ताटापुढे बसून उपाशी मरतील, आणि त्यात ठकूही असेल. तिला स्वतःसाठी काही नको होते. ठकूने एकदा तरी आपल्या मनाने 'नाही' म्हणावे, तेवढे ऐकावे, आणि मग डोळे मिटावे, इतकीच तिची इच्छा होती.

एके सकाळी देवळाच्या दीपमाळेवर एक धनेश पक्षी येऊन बसला. चोच मोठी, आवाज जाड. म्हणाला, "गुरवीणबाई, डोंगरावरचा निंबाजोगी मरणाला टेकला आहे. शाप त्याचाच. तो गेला तर शाप कायमचा राहील."

"तुला कोणी पाठवलं?" लखमाने विचारले.

"कोणी नाही. मला सांगावंसं वाटलं, म्हणून आलो."

बारा वर्षांत असे वाक्य लखमाच्या कानावर पडले नव्हते. ती क्षणभर भिंतीला टेकली आणि तिने पदराने डोळे पुसले. मग रांगेकडे न बघता ती देवळाच्या मागच्या वाटेने डोंगर चढू लागली. धनेश पुढे पुढे उडत वाट दाखवीत होता.

निंबाजोगी गुहेच्या तोंडाशी कांबळ्यावर पडला होता. खोकून खोकून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. लखमाला पाहून म्हणाला, "बारा वर्षं वाट पाहिली, बाई. शाप सोडव म्हणायला एक माणूस आला नाही."

"कोण येणार, जोगीबुवा? यायला मन लागतं. ते तुम्हीच काढून घेतलंत."

"हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," जोगी म्हणाला.

मग त्याने सांगितले ते असे. बारा वर्षांपूर्वी नगरावरचा मोठा तलाव काठोकाठ भरला. बांधाचे दार उघडावे तर पाणी खालच्या वाडीवर जाणार. न उघडावे तर बांध फुटून नगर बुडणार. राजाने कौल लावला, उजवी पडली, दार उघडले गेले आणि खालच्या वाडीची एकतीस माणसे बुडाली. तिसऱ्या दिवशी राजा जोग्याकडे आला आणि पाय धरून म्हणाला, हे माझ्या अंगावरून काढ.

"मी विचारलं, मग केलं कोणी? तर म्हणाला, देवाने कौल दिला, मी काही केलं नाही. कदाचित राजाचं बरोबरही असेल, बाई. नगरात हजार घरं होती. पण बरोबर केलं, एवढंही म्हणायला तो तयार नव्हता. मला राग आला. मी म्हटलं, बरं आहे. यापुढे तुझ्या राज्यात सगळं देवच करील."

"आता सोडवा."

"बांधता येतं तेवढं सोडवता येत नाही. गाठ कुठे आहे ते मलाही दिसत नाही. पण मी तीन गोष्टी करायला सांगतो. त्या तू केल्यास, तर गाठ तुला दिसेल."

"मी शिकलेली नाही."

"म्हणूनच तुला सांगतो. शिकलेले उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न विचारतात."

पहिली गोष्ट अशी. गुहेच्या अंगणात दोन बाया जात्यावर बसल्या होत्या. एकसारख्या लुगड्यात, एकसारख्या घामाने भिजलेल्या. जोगी म्हणाला, "यातली एक बाई आहे. दुसरी मी गवताची केली आहे. तिच्या आत कोणी नाही. ओळख."

लखमा जवळ बसली. पहिलीला विचारले, दमलीस का? ती म्हणाली, दमले. दुसरीला विचारले, ती म्हणाली, खांदा भरून आला आहे. एकीला चिमटा काढला, ती ओरडली. दुसरीला काढला, तिच्या डोळ्यांत पाणी आले. लखमाने हात पाहिले, दोघींना घट्टे होते. ओवी गायला सांगितली, दोघींचा सूर लागला. तिला आठवले, की ठकू झोपेत हसते तेव्हा आपण असेच तिच्या तोंडाकडे बघत बसतो, आत कोणी आहे का म्हणून. ऊन चढत होते. लखमा उठली, कोपऱ्यातला माठ उचलला आणि दोघींना ओंजळीने पाणी पाजले.

"ओळखलंस?" जोग्याने विचारले.

"नाही ओळखता येत. आत शिरून कोणाला बघता येतं? दमले म्हणणाऱ्याला पाणी द्यायचं, एवढं मला येतं. एखादी ओंजळ गवताला गेली तर जाऊ दे."

"खरं सांगू का," जोगी म्हणाला, "कोणती गवताची ते आता मीही विसरलो आहे. मीही दोघींना जेवायला घालतो."

दुसरी गोष्ट अशी. त्याने ताडपत्रांची एक जुडी लखमाच्या हातात दिली. "तू इथून पुढे काय करशील ते यात लिहून ठेवलं आहे. त्याहून वेगळं काही करून दाखव. आधी कर, मग पान उलट."

गुहेला दोन दारे होती. लखमा डाव्या दाराशी गेली आणि तिने पान उलटले. लिहिले होते, डाव्या दाराशी गेली. ती परत फिरून उजव्या दाराशी गेली. पुढच्या पानावर तेच लिहिलेले. तिने दारातला धोंडा उचलून पलीकडे ठेवला, मग पुन्हा जागेवर आणून ठेवला. दोन्ही पानावर होते. धोंड्याने कंबर धरली ती वेगळीच. शेवटी ती मटकन खाली बसली. पान म्हणाले, दमून बसली. हे वाचून तिला हसू आले, कितीतरी वर्षांनी. पुढच्या पानावर होते, हसली.

"हरलीस?" जोगी म्हणाला.

"हरले म्हणा. तुमचं लिहिलेलं खरं असेल, मी वाद घालत नाही. पण इतकं चालून पाय माझे दुखताहेत, पानाचे नाही. ज्याचे पाय दुखतात, चालणं त्याचं."

जोग्याने जुडी घेतली, एक पान काढले आणि डोळ्यांजवळ धरले. "हे बोलणंही लिहिलेलं आहे," तो म्हणाला.

"असू दे," लखमा म्हणाली. "तरी दुखताहेतच."

जोग्याने जुडी बाजूला ठेवली. मग त्याने तिसरी गोष्ट सांगितली. "आता खाली जा आणि तुझ्या देवाला विचार. पुराच्या दिवशी ती उजवी पाकळी कोणी पाडली?"

लखमाचा चेहरा उतरला. "गुरवाला स्वतःसाठी कौल लावता येत नाही."

"ती रीत कोणाच्या सोयीची होती, तेही विचार," जोगी म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

डोंगर उतरताना लखमाचे पाय जड झाले. चढताना इतके झाले नव्हते. तो दिवस तिला आठवायचा नव्हता, आणि आता तो पावलापावलाला समोर येत होता. नववा महिना. पोट पुढे, दारात पाऊस, नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेले. तिचे घर बांधाच्या अगदी खाली, नगरातले पहिले घर. बांध फुटता तर आधी ते गेले असते. गाभाऱ्यात तिच्या मागे राजा ओल्या वस्त्रांनिशी उभा. तिने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. देवाने कौल दिला, असे ती स्वतःच म्हणाली होती, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने.

देवळात पोचली तेव्हा दुपार झाली होती. माणसे आवारात तशीच बसलेली. सावली सरकली होती, पण माणसे सरकली नव्हती. राजा उन्हात, प्रधान उन्हात. ठकू पायरीवर बसली होती आणि ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर येत होते. तिने डोळ्यांवर आडवा हातसुद्धा धरला नव्हता. लखमाने तिला उचलून सावलीत बसवले. बारा वर्षांची पोर, तिला उचलताना लखमाला कळ आली.

गाभाऱ्यात जाऊन तिने दोन पाकळ्या भिजवल्या. स्वतःसाठी कधी लावल्या नव्हत्या, त्यामुळे हात चोरट्यासारखा पुढे झाला. डावी लावली. उजवी लावली. आणि तोंड उघडून ती म्हणाली, "देवा, त्या दिवशी ती तू पाडलीस, की मी?"

देव गप्प होता. देव बारा वर्षे गप्पच होता. तिने त्याला रोज न्हाऊ घातले, चंदन लावले, त्याच्याशी बोलली, आणि तो आहे की नाही हे तिला आज सकाळच्या त्या दोन बायांविषयी होते तेवढेच ठाऊक होते. पण अंगठ्याला ठाऊक होते. पाकळी दाबताना अंगठ्याला तो दिवस जसाच्या तसा आठवला. त्या दिवशी डावी पाकळी तिने दोनदा दाबली होती. उजवीला नुसते टेकवले होते. ठरवून केले होते का? तिने ठरवले नव्हते. आपोआप झाले होते का? तसेही नव्हते. पोटातल्या जिवाने लाथ मारली, आणि अंगठा डावीवर पुन्हा गेला, आणि तो जातो आहे हे तिला कळत होते, आणि तिने तो मागे घेतला नाही.

"तू असशील तर मला क्षमा कर," ती म्हणाली. "नसशील तर मी ती मागायची कोणाकडे, ते मला माहीत आहे."

त्या वेळी दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. अशा कौलाला अर्थ नसतो. लखमाने त्या उचलून निर्माल्यात टाकल्या आणि ती बाहेर आली.

"महाराज," ती राजासमोर उभी राहून म्हणाली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असे. "आज कौल लागणार नाही. मला सांगायचं आहे. पुराच्या दिवशी देवाने कौल दिला नाही. मी दिला. मला माझं घर वाचवायचं होतं, पोटातली पोर वाचवायची होती. मी डावी पाकळी दोनदा दाबली. खालच्या वाडीची एकतीस माणसं गेली त्यात माझा हात आहे. बारा वर्षं मी देवावर खापर फोडलं."

कोणी हलले नाही. कोणी बोलले नाही. बोलणार कसे? लखमाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. तिला वाटले, संपले. आपल्याकडे होते ते एवढेच होते, आणि ते पुरले नाही. तिला इतका थकवा आला, की उभे राहणे नको झाले.

तेव्हा राजा म्हणाला, "मी पाहिलं होतं."

त्याला कोणी विचारले नव्हते. आपल्या आवाजाने तो स्वतःच दचकला. मग सावकाश उभा राहिला. "मी तुझ्या मागेच उभा होतो, लखमाबाई. तुझा अंगठा पुन्हा डावीवर गेला, ते मी पाहिलं. थांब म्हणू शकलो असतो. पण मलाही उजवीच पडायला हवी होती, आणि तोंड उघडायचं नव्हतं. दार उघडा, हा हुकूम माझा. तुझ्या अंगठ्याचा नाही, देवाचा नाही. माझा."

शाप उभा होता तो 'आम्ही काही केलं नाही' या एका वाक्यावर. ते वाक्य बोलणारे आता कोणी राहिले नाही, आणि शाप खाली बसला. काही गडगडले नाही, वीज चमकली नाही. रांगेतून राहीआजी पुढे आली. तिने कौल मागितला नाही. तिने हात उचलला आणि लखमाच्या थोबाडीत मारली, वाकलेल्या म्हातारीच्या अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने.

"माझे दोन लेक," ती म्हणाली. "लखमे, माझे दोन लेक गं." आणि ती रडू लागली. लखमाने तिला धरले. आजीने तिला ढकलले, मग पुन्हा तिच्याच खांद्याला धरून रडली.

मग मात्र आवारात जी गडबड उडाली ती काय सांगावी. कोष्ट्याने आधी पाठ खाजवली. लोक सावलीत धावले. खालच्या वाडीची माणसे राजाच्या अंगावर गेली, नगरची माणसे मधे पडली, बारा वर्षांचे भांडण एका दुपारी सुरू झाले आणि नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी ठरले, की राजाने आणि लखमाने खालच्या वाडीची घरे पुन्हा उभी करायची, स्वतः माती वाहून, आणि तलावाला तिसरीकडे उतरणारा सांडवा खणायचा. राज्य धवलसेनाकडेच ठेवले. त्याच्यावर प्रेम होते म्हणून नव्हे. ते काम दुसऱ्या कोणाला नको होते. कौल वर्षातून एकदा लावायचा, आणि पाकळ्या चारचौघांसमोर चिकटवायच्या, असा नियम झाला. धनेशाने येऊन सांगितले, की निंबाजोगी गेला. शाप सुटला हे ऐकून तो ताडपत्रांत ते पान शोधू लागला, आणि सापडायच्या आत त्याचे डोळे मिटले.

पण हे सगळे नंतरचे. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी लखमा ठकूला घेऊन घरी आली. गाल सुजला होता. अंगात त्राण नव्हते, तरी तिने चूल पेटवली, दोन भाकऱ्या थापल्या, वांगे भाजून त्यात मीठ-मिरची घातली आणि ताट मुलीपुढे ठेवले. ठकू ताटाकडे बघत बसली होती. आज तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. लखमाने ती आधी कधी पाहिली नव्हती.

"जेव, बाळ," लखमा म्हणाली.

"नाही," ठकू म्हणाली.

इतकी वर्षे ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो शब्द आला होता. लखमा पुढे सरकली, मुलीच्या तोंडावरून हात फिरवावा म्हणून. ठकूने तोंड बाजूला घेतले.

"मी नाही जेवणार. आजीचे लेक तू माझ्यासाठी बुडवलेस. मी सांगितलं होतं का तुला?"

लखमाच्या ओठांवर पुष्कळ आले. तू पोटात होतीस. मी एकटी होते. नगरात हजार घरे होती. अंगठा कसा गेला ते माझे मलाच कळले नाही. यातले काही खोटे नव्हते. ती यातले काही बोलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "तू नाही सांगितलंस. ते माझं मी केलं."

ठकू उठली आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसली, आईकडे पाठ करून. लखमाने ताट झाकून ठेवले. मग तीही बाहेर गेली आणि मुलीपासून जरा अंतर ठेवून, गुडघे धरीत, हळूच खाली टेकली. ठकू तिच्याकडे वळली नाही, आणि उठूनही गेली नाही. बारा वर्षे लखमा त्या घरात एकटी राहिली होती. आज तिथे दोघीजणी होत्या.